अँगल शोधायला उत्तम, तपासायला अपुरं: पुणे सीझनमधलं रेसचं पुस्तक

रेसच्या आदल्या दिवशी विकत मिळणाऱ्या, घोड्यांचा फॉर्म देणाऱ्या खासगी पुस्तकांबद्दल हे लिहितो आहे. नावं घेत नाही, कारण मांडणी जवळपास सगळ्यांची एकच आहे. प्रत्येक घोड्याखाली मागच्या काही रेसेस: तारीख, अंतर, वर्ग, वजन, जॉकी, कितवा आला, किती लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरला, भाव (जिंकल्यास डावाच्या किती पट मिळणार) काय होता. आजच्या रेसमध्ये कोण धावतंय आणि कालपर्यंत त्याने काय केलं, हे पाहायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण याच ओळींवरून एखादा अँगल, म्हणजे घोडा निवडायचा ठरावीक नियम, 'सिद्ध' करायला बसलात, तर पुस्तक तुम्हाला फसवणार.

एकच अँगल घेऊन पाहू. रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीचे गुण: ते जितकं जास्त, तितका वर्ग वरचा आणि पाठीवर वजन जास्त. वर्ग 3 मध्ये 40 ते 66 रेटिंगचे घोडे धावतात, वर्ग 4 मध्ये 20 ते 46 चे. म्हणजे 40 ते 46 वाला घोडा दोन्हीकडे बसतो. अँगल असा: वर्ग 3 च्या तळाला धावून जो फार मागे पडला नाही, तो वर्ग 4 मध्ये उतरला की पकडायचा.

समजा पुस्तकातली ओळ अशी आहे: 1400 मीटर, वर्ग 3, 49 किलो, नऊ घोड्यांत पाचवा, 4¼ लेंग्थ मागे. आज तोच घोडा वर्ग 4 मध्ये, 60 किलोवर. बरीच पुस्तकं शेजारी '+11' छापतात आणि वाचणारा तिथेच घाबरतो. हा आकडा दिशाभूल करणारा आहे. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. घोड्याचं रेटिंग 42 धरा. त्या दिवशी समोर 64 रेटिंगवाला 60 किलो घेऊन होता, म्हणून याच्या वाट्याला 11 किलो कमी आले. आज हाच सगळ्यांत वरचा आहे, म्हणून 60 याच्या पाठीवर आणि 24 वाल्याच्या पाठीवर 51. रेटिंग तेच, बदलले ते प्रतिस्पर्धी. त्यामुळे वजन मागच्या रेसशी ताडू नका, आजच्या बाकी घोड्यांशी ताडा. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी असेल (त्याला वजनात सवलत मिळते), तर छापलेलं वजन सवलत वजा करून आहे की आधीचं, तेही पाहा. एकाच पुस्तकात दोन्ही प्रकार सापडतात.

आता तपासणी. पुस्तकात फक्त आज धावणारे घोडे असतात. वर्ग 4 मध्ये उतरून सपशेल आपटले आणि नंतर बाहेर गेले, ते आजच्या पानांवर नाहीत. जे टिकले त्यांचाच इतिहास समोर येतो, आणि अँगल आहे त्यापेक्षा सरस दिसतो. शिवाय बहुतेक पुस्तकांच्या जुन्या ओळीत त्या दिवशीचं रेटिंग नसतं, आजचंच असतं. म्हणून खरी तपासणी एकाच मार्गाने होते: पूर्ण सीझनची पुस्तकं तारखेनुसार जपायची, प्रत्येकात त्या दिवशीचा निकाल आणि डिव्हिडंड (जिंकलेल्या डावाला मिळालेली रक्कम) लिहायचा, आणि नियम लावताना निकालाचं पान झाकायचं.

नियम आधी कागदावर उतरवा. मागची रेस वर्ग 3, रेटिंग 40 ते 46, सहा लेंग्थच्या आत, 35 दिवसांच्या आत, अंतरात 200 मीटरपेक्षा जास्त फरक नाही. बस. निकाल पाहिल्यावर 'अमुक जॉकी असेल तरच' असं शेपूट जोडलंत की तो अँगल राहिला नाही, झालेल्या रेसेसचं वर्णन झालं. एका सीझनवर नियम बांधा, दुसऱ्यावर कागदोपत्री चालवा, डावाची रक्कम दर वेळी सारखीच धरा.

चाळीस डाव जमले आणि दहा जिंकले, तर लगेच हुरळू नका. चारातला एक जिंकणारा नियम असेल, तर चाळिसात पाच ते पंधरा विजय निव्वळ नशिबानेही येतात. भावाशी तुलना करा. 3 ला 1 भाव म्हणजे जिंकायची शक्यता 25 टक्के. पण त्या रेसमधल्या सगळ्या घोड्यांच्या भावांची अशी टक्केवारी मिळून बेरीज 120 आली असेल, तर खरी शक्यता 21 च्या आसपास. अशी प्रत्येक डावाची शक्यता मिळवा, बेरीज करा, तुमचे विजय त्याहून जास्त आहेत का ते बघा. मग सगळ्यांत मोठा डिव्हिडंड खोडून पुन्हा हिशेब करा. एका 12 ला 1 घोड्यावर अख्खा नफा उभा असल्याचं अनेकदा इथेच कळतं.

कर धरायला विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून डावाच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, त्याआधी 28 होता. 100 च्या डावाला 140 गेले, तर चारातला एक जिंकणाऱ्या नियमाला नुसतं बरोबरीत राहायला सरासरी 560 परत यायला हवेत. बहुतेक अँगल इथेच मरतात, आणि ते कागदावर मेलेले बरे.

पुण्यापुरती एक मोठी उणीव. इथला सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसात. पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ आहे ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग रेसच्या दिवशी येतं, आदल्या संध्याकाळच्या पुस्तकात ते असणारच नाही. पण जुन्या ओळींतही ते छापत नाहीत, हे खटकतं. रीडिंग नाही, फॉल्स रेलची (ट्रॅकच्या आत लावलेल्या तात्पुरत्या कठड्याची) रुंदी नाही, तर वेळेचा रकाना घेऊन करायचं काय? दोन वेगळ्या शनिवारच्या वेळा एकमेकांशी लावूच नका. सीझनच्या सुरुवातीला तर मागची ओळ मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सची, बरेचदा एप्रिलच्या आतली. 35 दिवसांच्या अटीमुळे असे घोडे आपोआप गळतात, आणि तसंच होऊ द्या.

ट्रॅकवर्कचं, म्हणजे घोड्यांच्या सरावाचं पान मात्र घेण्यासारखं आहे. '600 मीटर 39 सेकंद, सहज' आणि '600 मीटर 39 सेकंद, रेटून' यातला फरक पुस्तक नोंदवतं, ते वाचा.

माझे गुण: अँगल शोधायला पाचपैकी चार, तपासायला दोन. छपाईला दीड: बारीक अक्षरात ¼ आणि ¾ एकसारखे दिसतात आणि ओल लागली की शाई फुटते. निकाल लिहायला पेन्सिल वापरा, आणि गठ्ठा जमिनीवर न ठेवता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.