थाइमचे तेल: थायमॉलचे की लिनालूलचे?

दादरच्या एका मैत्रिणीला घरी साबण करण्यासाठी थाइम या सुगंधी वनस्पतीचे तेल घ्यायचे आहे. एकाच वनस्पतीची दोन निराळ्या वासांची तेले, एकात थायमॉल तर दुसऱ्यात लिनालूल हे मुख्य द्रव्य असलेली, पाहून ती गोंधळली आहे. हा भेसळीचा प्रकार नव्हे. दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिए शहराच्या परिसरात रानोमाळ वाढणाऱ्या थाइमचे 6 रासायनिक प्रकार, म्हणजे तेलातील मुख्य द्रव्य निराळे असलेले प्रकार, आढळतात; हा फरक मुख्यतः आनुवंशिक असून, हिवाळ्यात कडक थंडी साचणाऱ्या खोलगट भागात लिनालूलसारखे फिनॉलरहित (फिनॉल या वर्गातील द्रव्ये मुख्य नसलेले) प्रकार, तर उष्ण, कोरड्या उतारांवर थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या फिनॉलांचे प्रकार अधिक दिसतात.

जंतुनाशक म्हणून थायमॉल निःसंशय प्रबळ आहे आणि त्याचा वास आपल्या ओव्याची आठवण देतो, कारण ओव्याच्या तेलातही तेच मुख्य द्रव्य असते. मात्र ते त्वचेला झोंबते. लिनालूलचे तेल त्वचेला सौम्य असते, पण हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यातून ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात, म्हणून मुंबईच्या उकाड्यात ते घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत, फ्रिजमध्येच ठेवावे.

लादी पुसण्याच्या पाण्यासाठी थायमॉलचे तेल घ्यावे, किंबहुना त्याऐवजी ओव्याचे तेलही चालेल. अंगाच्या साबणासाठी मात्र लिनालूलचे ताजे तेल, तेही अल्प प्रमाणात, वापरावे.