म्हापशात मिळणारा ‘सगळ्या देशांचा’ अडॅप्टर

लिस्बन, लंडन की न्यूजर्सी, सगळीकडे चालतो म्हणून म्हापशाच्या बाजारात साधारण सहाशे रुपयांना मिळणारा हा चौकोनी ठोकळा. मोबाईल, लॅपटॉपसाठी घ्या, पैसे वसूल. मिक्सरसाठी अजिबात नको.

कारण हा फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. पोर्तुगाल, इंग्लंडात आपल्यासारखेच 230 व्होल्ट, अमेरिकेत 120. तिथे आपली 1000 वॅटची किटली जेमतेम 270 वॅट ओढते. लिटरभर पाणी उकळायला वीस मिनिटांच्या वर! मिक्सर नुसता गुरगुरतो, हुमणाचं खोबरं भरडच राहतं. उलट तिकडचा 120 व्होल्टचा हेअर ड्रायर गोव्यात लावलात तर जळालाच समजा. चार्जरवर ‘100-240’ छापलेलं असेल तरच निर्धास्त लावा.

आतला फ्यूज 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला कमाल 1380 वॅट. सुटा फ्यूज सोबत येतो का, पेटी उघडून बघा. ब्रिटिश बाजूची लांब पिन प्लास्टिकची आहे. ती सॉकेटची झडप उघडते, अर्थिंग देत नाही. त्यामुळे इस्त्री बाद.

खरी पंचाईत लिस्बनला. तिथला सॉकेट खोलगट, गोल. ठोकळा आत बसतच नाही, अर्धवट लोंबकळून ठिणग्या पडतात. तिथे दोन गोल पिनांचा साधा अडॅप्टरच बरा. आणि सॉकेटशेजारी बटण शोधू नका, नसतंच!