धंतोलीतील ओसीटी तपासणी: यंत्र उत्तम, व्यवस्था ढिसाळ

डाव्या डोळ्यात युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह, असल्याचे निदान झाल्यावर डोळ्याच्या पडद्याला सूज आहे का हे पाहण्यासाठी नागपूरच्या धंतोलीतील एका खासगी केंद्रात ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांची प्रतिमा काढणारी तपासणी, करून घेतला.

तपासणीबद्दल तक्रारीला जागा नाही. हनुवटी टेकवून आतल्या खुणेकडे बघत राहायचे. डोळ्याला कशाचाही स्पर्श होत नाही आणि काही सेकंदांत एका डोळ्याचे काम आटोपते. १९९१ साली जगापुढे आलेले हे तंत्र सोनोग्राफीच्या जातीचे आहे, फक्त ध्वनीऐवजी डोळ्याला जवळजवळ न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश वापरून ते पडद्याचा उभा छेद दाखवते, तोही सुमारे ५ ते ७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाव्याने. माझ्या मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या मध्यभागात, साचलेले पाणी स्क्रीनवर काळ्या पोकळ फुग्यांसारखे दिसत होते. पहिली प्रतिमा धूसर आली, तेव्हा तंत्रज्ञ मुलीने मी न सांगताच डोळ्यात ओलाव्याचे थेंब टाकून स्कॅन पुन्हा घेतला.

रक्तवाहिन्यांतून होणारी गळती मात्र साध्या ओसीटीत दिसत नाही. त्यासाठी हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन करायची अँजिओग्राफी अजूनही लागते. दाहाचे कारणही स्कॅन सांगत नाही, त्यामुळे क्षयरोगाच्या तपासण्या मला वेगळ्या कराव्याच लागल्या.

खरी अडचण दुसऱ्या भेटीत आली. पहिल्यांदा मॅक्युलाच्या मध्यभागाची जाडी ४१२ मायक्रॉन होती, महिन्याभराने ३६८ आली आणि सूज उतरली म्हणून मी खूश झालो. डॉक्टरांनी अहवालाचा कोपरा पाहून विचारले, "यंत्र बदललं का?" बदलले होते. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे पडद्याची खालची सीमा वेगवेगळ्या थरावर धरतात, म्हणून त्यांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही, आणि माझ्या स्टिरॉइडचा डोस तर याच आकड्यावर ठरायचा होता. बऱ्याच वादानंतर केंद्राने जुन्या यंत्रावर विनाशुल्क स्कॅन करून दिला: ४०५.

शिवाय रंगीत नकाशाचा अहवाल कृष्णधवल छापून देतात, त्यात लाल आणि हिरवा दोन्ही राखाडीच. रंगीत प्रत मोबाइलवर मागून घ्यावी. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर मे महिन्याच्या उन्हात धंतोलीत लांबवर लावलेल्या गाडीपर्यंत एकट्याने चालत जाणे कठीण, तेव्हा सोबत कोणीतरी न्यावे. पुढच्या वेळी मी पावती फाडण्याआधीच यंत्राचे नाव विचारणार आहे.