ताणकाटे उत्तम, कप्प्या सुमार: बल आणि ताण शिकवणाऱ्या किटचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, घ्या. मेकॅनिक्सची गणितं करताना टेन्शन, म्हणजे दोऱ्यातला ताण, आलं की ज्यांचं घोडं पेंड खातं त्यांनी तर नक्कीच घ्या, फक्त सोबतचं मॅन्युअल बाजूला ठेवा आणि कप्प्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

डब्यात १० न्यूटनपर्यंतचे (न्यूटन म्हणजे बलाचं एकक) दोन ताणकाटे, म्हणजे ओढ मोजणारे स्प्रिंगचे काटे आहेत, चार प्लॅस्टिकच्या कप्प्या, हुकवाली वजनं (५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅमची, प्रत्येकी दोन), टेबलाला लावायचे क्लॅम्प, नायलॉनचा दोरा, उताराची फळी, तिला कोनमापक आणि एक लाकडी ठोकळा. दिसायला साधंच आहे सगळं, पण ताणकाटे दोन दिलेत ही या किटची खरी अक्कल, कारण एका काट्याने वजन मोजता येतं पण ताण म्हणजे काय ते समजायला दोन लागतात.

मी मुलांना मेकॅनिक्स शिकवते आणि दरवर्षी तेच बघते की बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे सगळ्यांना पाठ असतं, आकृतीत बाणही काढतात, पण दोऱ्यातला ताण नक्की कुठे असतो विचारलं की गोंधळ सुरू. म्हणून या किटवर पहिल्यांदा हेच करून बघा. टेबलाच्या दोन्ही कडांना एकेक कप्पी लावा, दोन्हीकडे ५०० ग्रॅम लटकवा आणि टेबलावर मधोमध दोऱ्याला आडवा ताणकाटा जोडा. आता काटा किती दाखवणार? निम्मे म्हणतात ९.८ न्यूटन, दोन्हीकडून ४.९ ने (५०० ग्रॅमचं वजन तेवढं) ओढलंय म्हणून, आणि काही जण म्हणतात शून्य, दोन्ही बलं एकमेकांना खोडून टाकतात म्हणून. काटा दाखवतो ४.९. मग एका बाजूचं वजन काढा आणि ते टोक क्लॅम्पला घट्ट बांधा, काटा तरी ४.९ च. क्लॅम्प पण तेवढ्याच जोराने ओढतोय, फक्त तो ओढतोय असं आपल्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. दोऱ्यात कुठेही काप घ्या, तिथे काटा जोडा, तो जे दाखवेल तो त्या जागेचा ताण, यात बेरीज नाही की वजाबाकी नाही. हे काट्यावर बघितलं की पोरं परत कधी ९.८ लिहीत नाहीत, फळ्यावर मात्र कितीही वेळा सांगा, लिहितातच.

काट्यांबद्दल अजून थोडं, कारण इथे कंपनीने खरंच काम केलंय. खुणा एकसारख्या अंतरावर आणि स्पष्ट आहेत (स्प्रिंगची लांबी ओढीच्या प्रमाणात वाढते म्हणून हे जमतं, रॉबर्ट हूकने हा नियम १६७८ मध्ये उघड मांडला), आणि वर शून्य जुळवायचा स्क्रू आहे. तो स्क्रू फार कामाचा, कारण काटा उभा असताना आतल्या दांड्याचं आणि हुकाचं वजन स्प्रिंगवर येतं, आडवा केला की येत नाही आणि रीडिंग थोडं कमी दाखवतं, म्हणून आडवा वापरायचा तर आडवा ठेवूनच शून्य जुळवून घ्यायचं. काटा उलटा टांगला तर त्याच्या बाहेरच्या खोक्याचं वजनही स्प्रिंगवर येतं, तेही एकदा मुद्दाम करून दाखवा, फ्री बॉडी डायग्राम (एकाच वस्तूवर लागणारी सगळी बलं दाखवणारी आकृती) कशासाठी काढायचा ते तिथल्या तिथे कळतं.

दुसरा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडला. दोन्ही काटे दोन बाजूंना अडकवा, मधे दोरा आणि दोऱ्याच्या मध्यावर ५०० ग्रॅम. दोरा आडव्या रेषेशी ४५ अंशांवर असेल तर दोन्ही काटे साधारण ३.५ दाखवतात, म्हणजे बेरीज ७ आणि वजन तर ४.९ च, आणि इथे मुलं एकदम गप्प होतात. मग काटे लांब सरकवत दोरा सपाट करत न्या, ३० अंशांना प्रत्येक काटा ४.९, १५ अंशांना जवळजवळ ९.५. वजन तेच, कोन बदलला. वजनाला फक्त ताणाचा उभा घटक (सरळ वर ओढणारा भाग) तोलून धरतो, आडवे घटक एकमेकांशीच झुंजतात, आणि दोरा जितका सपाट तितका तो उभा घटक मिळवायला ताण जास्त. कपडे वाळत घालायची दोरी कितीही आवळली तरी ओल्या कपड्यांनी मधे झोळ येतोच त्याचं कारण हेच, पूर्ण सरळ दोरीला उभा घटकच नसतो. १५ अंशांच्या खाली मात्र जाऊ नका, काटा १० च्या पुढे जाईल आणि स्प्रिंग एकदा जास्त ताणली की परत जागेवर येत नाही.

आता कप्प्या. इथे पैसे वाचवलेत हे स्पष्ट दिसतं. दोऱ्याला एका बाजूला ५०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला काटा लावून हळूहळू ओढलं तर काटा ५.४ च्या आसपास, हळूहळू सोडत गेलं तर ४.४ च्या आसपास. फरक आसाच्या घर्षणाचा, खरं रीडिंग ४.९, मधे कुठेतरी. गणितात आपण 'कप्पी हलकी आणि घर्षणरहित' असं लिहितो आणि म्हणूनच दोन्हीकडे ताण सारखा धरतो, ते वाक्य शोभेचं नाही हे यातून कळतं खरं, पण विकत घेतलेल्या कप्पीने एवढं घर्षण द्यावं हे मला पटत नाही. बॉलबेअरिंगवाल्या दोन कप्प्या वेगळ्या घ्या, सगळ्या प्रयोगांची चव सुधारते. दोराही बदला, नायलॉन ताणला की लांबतो आणि रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागतो, घट्ट विणीचा न ताणला जाणारा दोरा लागतो.

मॅन्युअलवर मी खरंच चिडलेय. त्यात टेबलावरच्या ठोकळ्याचं चित्र आहे आणि खाली छापलंय की ठोकळ्याचं वजन ही क्रिया आणि टेबलाचा वरचा आधार ही प्रतिक्रिया. हे सरळ चूक आहे. ही दोन्ही बलं एकाच ठोकळ्यावर लागतात, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पृथ्वी ठोकळ्याला खाली ओढते, तर जोडीदार म्हणजे ठोकळा पृथ्वीला वर ओढतो तो. टेबल ठोकळ्याला वर ढकलतं, त्याचा जोडीदार ठोकळा टेबलाला खाली दाबतो तो. वजन आणि आधार सारखे असतात ते ठोकळा स्थिर आहे म्हणून, दुसऱ्या नियमाने, आणि ठोकळा लिफ्टमध्ये ठेवून लिफ्ट वर सुटू द्या, लगेच दोन्ही वेगळे होतात. ज्या गोष्टीत मुलं नेमकी फसतात तिथेच छापील चूक, हे चालवून घेण्यासारखं नाही. कंपनीला लिहिलंय.

उताराची फळी आणि ठोकळा ठीक, नेहमीचंच. आडव्या फळीवर ठोकळा काट्याने ओढताना तो सुटण्याआधी रीडिंग वर चढतं आणि सुटला की खाली येतं तेवढं दिसतं, आणि न हललेल्या ठोकळ्यावरचं घर्षण आपण ओढू तेवढंच असतं हेही.

मॅन्युअलमध्ये नसलेला एक प्रयोग सांगते, किट घेतलंत तर हा कराच. वजनं दोन्हीकडे लटकवून कप्पीवरून सोडायची ती अ‍ॅटवूडची रचना (जॉर्ज अ‍ॅटवूडने १७८४ मध्ये छापली, त्वरण सावकाश होऊन नीट मोजता यावं म्हणून), पण इथे अख्खी कप्पीच ताणकाट्याला टांगा. एका बाजूला ५०० ग्रॅम, दुसऱ्या बाजूला २००, आणि जड वजन शिवणाच्या दोऱ्याने कप्पीच्या चौकटीलाच बांधून ठेवा. काटा कप्पीचं वजन अधिक ६.८६ न्यूटन दाखवेल, अपेक्षेप्रमाणे. आता मोबाईलवर स्लो मोशन लावा, तो बारीक दोरा कात्रीने कापा आणि काट्याकडे बघा, खाली गादी किंवा उशी ठेवायला विसरू नका. वजनं तीच, कप्पी तीच, कोणी काही काढलं नाही, तरी काटा घसरतो. हिशेबाने दोऱ्यातला ताण २.८ न्यूटन येतो, दोन बाजूंचे मिळून ५.६, म्हणजे जवळजवळ सव्वा न्यूटन कमी. या कप्प्यांवर पडझड थोडी कमी दिसते आणि काटा जरा हेलकावे खातो, पण घसरलेला दिसतोच. जड बाजूला ताण तिथल्या वजनापेक्षा जेवढा कमी पडतो, तेवढा हलक्या बाजूला तिथल्या वजनापेक्षा जास्त होत नाही, एकूण वस्तुमानाचं केंद्र खाली वेग घेत असतं, मग काट्याने पूर्ण वजन पेलायचं कारणच उरत नाही. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा आणि मगच कापा.