जुन्या व्हॅनच्या मीटरले एलईडी टाकले

आपली व्हॅन 15 वर्सं जुनी, रात्री यवतमाळहून दारव्ह्याले येताना मीटरचा काटाच दिसे ना, मोबाइलचा टॉर्च मारून स्पीड पाहा लागे. मंग ऑनलाइन टी-10 चे (मीटरात बसते त्या छोट्या साइजचे) एलईडी बल्ब मागवले, 10 नगांचं पाकीट. मीटर खोलताना जुनं प्लास्टिक, एक क्लिप माझ्याच हातानं तुटली. बसवले त अर्धे पेटलेच नाही, म्हटलं फसलो बापा, पण एलईडीले प्लस-मायनस राहते, उलटे फिरवून टाकले का झाले चालू.

उजेड झकास, पण लयच पांढरा, डोयाले टोचते, अन् साधा बल्ब चहूकडून उजेड देते तसा हा देत नाही, समोरच फेकते, म्हणून डिझेलचा काटा अजूनही अंधारातच. पुढच्या खेपेले वॉर्म, म्हंजे पिवळसर उजेडाचे घेईन.

बॅटरीच्या लाल दिव्याले मात्र हात लावू नका, बऱ्याच जुन्या गाड्यात बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरले सुरुवातीचा करंट त्याच बल्बातून जाते, एलईडी टाकला त कधी कधी चार्जिंगच धरत नाही. आमच्या वायरमनभाऊनं टोकलं म्हणून वाचलो.

महिन्याभरात 2 बल्ब लुकलुकाले लागले, विकणारा फोनच उचलत नाही. 5 पैकी 3 स्टार.