बॅटरी सेव्हर लावला आणि फोटो वाटेतच राहिला

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की आधी कोपऱ्यात एक छोटं घड्याळ दिसतं. फोटो सुटला की घड्याळ जातं आणि टिक येते. गेल्या वर्षीच्या शिगम्यात, म्हणजे आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणात, ते घड्याळ माझ्या फोनवर पन्नास मिनिटं तसंच बसून होतं, आणि फोन माझ्या पर्समध्ये होता.

मी गोव्यात वाळपईत राहते आणि सत्तरी तालुक्यातल्या बातम्या एका मराठी दैनिकाला पाठवते. त्या संध्याकाळी सत्तरीतल्याच ठाणे गावाच्या बाजूला एका गावात घोडेमोडणीचा नाच होता. कमरेला लाकडी घोड्याचं तोंड बांधलेले, डोक्याला फुलं माळलेले गडी हातात तलवार घेऊन ढोलताशांच्या नादावर मांडावर, म्हणजे नाचाच्या जागेवर, उतरतात, तो क्षण फोटोला एकदाच मिळतो. मला तो मिळाला. बॅटरी १९ टक्के होती. २० टक्क्यांना बॅटरी सेव्हर आपोआप सुरू व्हावा असं मीच लावून ठेवलं होतं. पेपरच्या डेस्कला फोटो पाठवला, फोन पर्समध्ये टाकला आणि स्कूटर सुरू केली. घरी येऊन स्क्रीन उघडली तर घड्याळ तसंच. बघता बघता टिक आली आणि मागोमाग डेस्कचे तीन मेसेज एकदम पडले. "ताई, फोटो कुठे आहे?" "ताई, पान सोडतोय." तिसरा नुसता "ओके". दुसऱ्या दिवशी बातमी आली, फोटो नाही. गावातून कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. पण वर्षातून एकदा नाचणारी ती पोरं सकाळी पेपर उघडून स्वतःला शोधतात, हे मला ठाऊक आहे.

तेव्हापासून बॅटरी वाचवायचे फोनमधले सगळे मोड मी नीट वापरून पाहिले. बातम्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर कुठे गेले, निघताना किती टक्के, परतताना किती, कोणता मोड, असं लिहीत गेले. फोन अँड्रॉइड आहे, तीन वर्षांचा, ५००० एमएएच बॅटरीचा, पडदा अमोलेड. माझं मत या फोनवरचं आणि या तालुक्यातलं आहे. पणजीत बसून काम करणाऱ्याला कदाचित वेगळा अनुभव येईल, आणि का येईल तेही पुढे सांगते.

आधी साधा बॅटरी सेव्हर. अँड्रॉइडमध्ये तो २०१४ साली पाच नंबरच्या आवृत्तीबरोबर आला, आयफोनवर पुढच्या वर्षी 'लो पॉवर मोड' या नावाने. आपण बघत नसतो तेव्हा ॲप मागे जी कामं करत असतात, ती तो रोखतो: मेल आणणं, फोटो चढवणं, फीड ताजं करणं. प्रोसेसर थोडा मंद होतो, पडद्याची हालचाल कमी गुळगुळीत होते, बऱ्याच फोनांत पडदा लवकर मालवतो. स्क्रीन बंद झाली की लोकेशनही थांबू शकतं. म्हणजे माझा फोटो अडकला त्यात बिघाड काहीच नव्हता. बॅटरी सेव्हरला जे काम दिलंय तेच त्याने केलं. मी मात्र फोटो पाठवणं हे 'मागचं काम' आहे असं कधी धरलंच नव्हतं. बोटाने बाण दाबला की ते काम संपलं, अशी आपली समजूत असते.

यावर उपाय आहे आणि तो सेटिंग्जमध्ये चार पायऱ्या खाली आहे. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, बॅटरी. तिथे तीन पर्याय मिळतात: अनरिस्ट्रिक्टेड (बंधन नाही), ऑप्टिमाइज्ड (फोन ठरवेल तसं) आणि रिस्ट्रिक्टेड (बंधन). व्हॉट्सॲप आणि मेल ही दोन ॲप मी अनरिस्ट्रिक्टेडवर टाकली, बाकी सगळी होती तिथेच ठेवली. त्यानंतर बॅटरी सेव्हर चालू असतानाही डेस्कचे मेसेज वेळेवर येतात आणि फोटो पर्समधून जातात. काही कंपन्यांच्या फोनांत याशिवाय ॲपला आपोआप सुरू होऊ देणारं 'ऑटोस्टार्ट' नावाचं आणखी एक बटण वेगळ्याच पानावर लपलेलं असतं, तेही पाहावं लागतं. ज्यांचं पोट फोनवर आहे, मग तो मोटरसायकलवर भाडं मारणारा पायलट असो, फुलं पोचवणारा असो की कुळागरातली (बागेतली) सुपारी विकणारा, त्याने बॅटरी सेव्हर लावण्याआधी ही पाच मिनिटं खर्च करावीत असं मी अगदी कळकळीने सांगते. गिऱ्हाईकाचा मेसेज अर्ध्या तासाने कळला तर वाचवलेल्या चार टक्क्यांचं करायचं काय?

आता मूळ दुखण्याकडे येते. सगळ्यात जास्त शिकले ते इथेच.

वहीत एक गोष्ट पहिल्या दोन महिन्यांत दिसायला लागली. वाळपई शहरात दिवसभर बॅटरी सेव्हर लावून फिरले की संध्याकाळी फोन निम्म्याच्या वर असायचा. तोच फोन, तोच मोड, पण चोर्ला घाट चढून सुर्ल्याला गेले तर दुपारी दोनलाच ३० टक्क्यांच्या आसपास. तिथे मी फोन कमी वापरते, कारण वापरायला नेटवर्कच नसतं. एका संध्याकाळी बॅटरीचं पान उघडून पाहिलं तर खाणाऱ्यांत सगळ्यात वर नाव होतं 'मोबाईल नेटवर्क'.

टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकद लावून बोलावं लागतं. टॉवर सापडतच नसला तर तो पुन्हा पुन्हा शोधत राहतो. आमच्या डोंगरात एका वळणावर रेंजची एक काडी, पुढच्या वळणावर शून्य, वर गेलं की कधी अलीकडचा टॉवर, कधी पलीकडचा. दिवसभर ही शोधाशोध खिशात चालू असते आणि साधा बॅटरी सेव्हर ती थांबवत नाही. तो ॲपना आवरतो, पण फोनमधल्या रेडिओला, म्हणजे नेटवर्क पकडणाऱ्या भागाला, येणारा कॉल घेण्यासाठी जागंच ठेवतो. तसं ठेवलंच पाहिजे, नाहीतर फोन लागणार कसा? पण त्यामुळे शहरात जो मोड मला दोन-तीन तास जास्त देतो, तो रानात जवळजवळ काहीच देत नाही.

हे कळलं तेव्हा मला २०२३ चा मार्च आठवला. म्हादई अभयारण्यात सत्रेच्या डोंगराकडून आगी लागल्या होत्या, पुढे कितीतरी ठिकाणी पसरल्या, आणि हवाई दलाचं हेलिकॉप्टर मोठी बादली लटकवून वरून पाणी ओतत होतं. मी सकाळी शंभर टक्के घेऊन निघाले होते, बॅटरी सेव्हर घरापासूनच चालू. पायवाटेने वर जाऊन धुराच्या कडेला पोचले तेव्हा १२ टक्के. व्हिडिओ घ्यायला कॅमेरा उघडला, हेलिकॉप्टर डोंगराआडून येताना आवाज ऐकू आला, आणि पडदा काळा झाला. बरोबर आलेल्या एका शेतकऱ्याने आपला फोन पुढे केला, "बाय, हाचेर काड." त्याच्या फोनवर मी काढलं खरं, पण ते माझ्यापर्यंत पोचायला रात्र झाली. तेव्हा मी बॅटरी जुनी झाली असं समजून नवीन घातली. पैसे गेले. दोष सगळा बॅटरीचा नव्हता. सकाळपासून खिशातला फोन रेंज शोधत दमला होता.

म्हणून माझ्या मते रानात, घाटात, धरणाच्या पलीकडच्या गावांत खरा बॅटरी सेव्हर म्हणजे फ्लाईट मोड. तो विमानात लावायचा असतो एवढंच आपल्या डोक्यात असतं. फ्लाईट मोडमध्ये कॅमेरा चालतो, रेकॉर्डर चालतो, टॉर्च चालतो. जीपीएससुद्धा चालतं, कारण त्यात फोन उपग्रहाचं नुसतं ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. त्यामुळे फोटोवर जागेची नोंदही राहते. सुर्ल्याचीच वाट, तेवढाच वेळ, फ्लाईट मोड लावून तीनदा केली. तिन्ही वेळा दुपारी ८० टक्क्यांच्या वर होते. वहीतल्या बाकी कुठल्याही दोन मोडांमध्ये एवढा फरक नाही.

त्याची किंमत उघड आहे: कोणाचा फोन येत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा घरी सासूबाईंनी चार वेळा फोन लावला आणि "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकून त्या घाबरल्या. आता निघताना सांगून जाते, अमुक ठिकाणी पोचले की चालू करीन. आणि रेंज येणाऱ्या जागा आम्हाला पाठ असतात. २०२० मध्ये शाळा ऑनलाईन झाल्या तेव्हा सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. ती मुलं जिथे बसायची, त्यातल्या काही जागा आजही आमच्या कामाला येतात.

डार्क मोडबद्दल थोडं. फोनचा पडदा ओलेड किंवा अमोलेड असेल तरच त्याचा उपयोग, कारण त्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. साध्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा जळतच राहतो, वर काळं असो की पांढरं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजून पाहिलं होतं: पडद्याचा उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असेल तर डार्क मोडने ३ ते ९ टक्केच वाचतात, पण उजेड पूर्ण असेल तर ३९ ते ४७ टक्के. घरात बसणाऱ्याला पहिला आकडा, उन्हात फिरणाऱ्याला दुसरा. माझ्या बाबतीत अडचण अशी की भर उन्हात काळ्या पडद्यावरचं वाचताच येत नाही, म्हणून बातमी टाईप करताना तो मी काढते आणि बाकी वेळ ठेवते. ५जी मात्र मी कायमचंच बंद केलं, नेटवर्क ४जीवर बांधून टाकलं. आमच्याकडे ते येतं-जातं आणि त्या येण्याजाण्यातच बॅटरी जाते.

राहिला तो शेवटचा, अतिबचतीचा मोड. कंपनीगणिक नाव वेगळं, अल्ट्रा, सुपर, एक्स्ट्रीम. सॅमसंगने २०१४ च्या एस५ मध्ये असा मोड दिला होता, ज्यात पडद्याचे रंगही जायचे. माझ्या फोनवर तो लावला की काळ्या पाटीवर सहा चौकोन उरतात आणि आपण निवडलेली तेवढी ॲप. याची खरी परीक्षा गेल्या पावसाळ्यात झाली. गणेश चवथीच्या आधी झाड पडून तारा तुटल्या आणि आमच्याकडे दीड दिवस लाईट नव्हती. माझा फोन मी बातम्यांसाठी राखला आणि सासूबाईंच्या फोनवर हा मोड लावून दिला. पडद्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मेला काय गो फोन?" मी त्यांना फोनचा हिरवा चौकोन दाखवला, मुंबईच्या नणंदेला लावून दिला. माटोळीला (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीला) घागऱ्या कुठे मिळतील, पाऊस किती, लाईट कधी येणार, असं त्या अर्धा तास बोलल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली तेव्हा त्यांचा फोन ४१ टक्के होता, माझा कधीच बंद पडला होता. म्हाताऱ्या माणसांच्या घरात, वीज जाणाऱ्या भागात, या मोडला मी पूर्ण गुण देते. कामाच्या माणसाला तो रोजचा नाही. त्यातून बाहेर यायला वेळ लागतो आणि अडवलेली ॲप सावकाश जागी होतात.

प्ले स्टोअरवर बॅटरी वाचवणारी म्हणून जी वेगळी ॲप मिळतात ती दोन घालून पाहिली आणि दोन्ही काढली. फोनमध्ये जे आधीच आहे तेच ती करतात, वर जाहिराती दाखवतात. तसंच उठल्यासुटल्या सगळी ॲप वर सरकवून बंद करायची सवयही मी सोडली. लगेच लागणारं ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्तच वीज जाते. मे महिन्यात मात्र एक पथ्य पाळते: स्कूटरच्या पुढच्या कप्प्यात उन्हात फोन ठेवत नाही. बॅटरीचं आयुष्य उष्णतेने जेवढं जातं तेवढं कोणत्याही मोडने परत येत नाही.

परवाच सुर्ल्याला पाण्याच्या टाकीच्या बातमीला गेले होते. वाळपईतून निघाल्यावर घाटाच्या पायथ्याच्या केरीपर्यंत बॅटरी सेव्हर, घाट सुरू झाल्यावर फ्लाईट मोड. बायकांशी बोलले, टाकीचे, कोरड्या नळाचे फोटो घेतले, एकीचं बोलणं रेकॉर्ड केलं. परतताना घाटातल्या रेंज येणाऱ्या वळणावर स्कूटर थांबवली, फ्लाईट मोड काढला, फोन हातात धरून उभी राहिले. आधी एक काडी, मग दोन. पाच फोटो एकामागून एक सोडले. पाचव्याचं घड्याळ जाऊन टिक येईपर्यंत फोन पर्समध्ये टाकला नाही. बॅटरी ८३ टक्के होती. डेस्कवरून लगेच उत्तर आलं, "मिळाले, ताई."