स्विच २ घेऊन बरेच महिने झाले, राग अजून त्या १० डॉलरचाच

निन्टेंडोचा हा गेम खेळायचा कन्सोल बोटीवर असलेल्या चुलतभावाने मायामीहून आणून दिला, कारण निन्टेंडो आपल्याकडे अधिकृतपणे विकतच नाही, आणि फोंड्यातला दुकानदार जो भाव सांगत होता तो ऐकून मी तसाच मागे फिरलो. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडा. मला बोलायचंय वेलकम टूरबद्दल, म्हणजे ह्या कन्सोलची ओळख करून देणारा जो गेम वेगळा विकतात त्याबद्दल.

अवाढव्य कन्सोल आडवा पसरलाय, त्याच्यावर आपला चिमुकला माणूस फिरवायचा, स्टॅम्प गोळा करायचे, जॉय-कॉनच्या, म्हणजे त्याच्या कंट्रोलरच्या, आत काय काय आहे ते वाचायचं. माहिती खरंच चांगलीये. पण त्याचे ९.९९ डॉलर? ४५० च्या मशीनवर? जत्रेत पाळण्याचं तिकीट काढून वर बसलो की दांडा कुठे धरायचा ते सांगायचे वेगळे पैसे, असला प्रकार. आणि सगळे स्टॅम्प हवे असतील तर कॅमेरा घ्या, चार्जिंग ग्रिप घ्या, फोर-के टीव्ही घ्या! ह्याच कंपनीने २००६ ला वी नावाच्या कन्सोलबरोबर अमेरिकेत वी स्पोर्ट्स हा गेम डब्यातच दिलेला, सोनीने पीएस५ कन्सोलमध्ये ॲस्ट्रोचा गेम आधीच भरून दिला.

५ जून २०२५ ला स्विच २ आला तेव्हा निन्टेंडोचं स्वतःचं नवं काय, तर मारिओ कार्ट वर्ल्ड आणि ही टूर. बाकी झेल्डाचे दोन जुने गेम, तेही अपग्रेडचे पैसे मोजून, आणि २०२० चा सायबरपंक. २०१७ ला पहिल्या स्विचबरोबर पहिल्याच दिवशी झेल्डाचा नवाकोरा ब्रेथ ऑफ द वाइल्ड होता हो.

एवढं सगळं मी जुलैपर्यंत ज्याला त्याला ऐकवत होतो. मग डॉन्की काँग बनान्झा हा गेम आला आणि थोडा गप्प झालो, डोंगरच्या डोंगर फोडत बसायला जाम मजा येते. गणेश चवथीला तर गणपतीवरच्या फळापानांच्या माटोळीखाली पोरांनी मारिओ कार्टवर असा दंगा घातला की आजी ओरडली, आणि लाईट गेली तर टीव्हीला जोडलेल्या डॉकमधून उपसून हातात घेऊन परत चालू. बॅटरी मात्र दोन-अडीच तासांत मान टाकते.

पण कंपनीच्या वरच्या साहेबांचा भाटकारी, जमीनदारी थाट काय जात नाही. २०११ ला थ्रीडीएस हा हातातला कन्सोल खपेना तेव्हा तेव्हाचा अध्यक्ष इवाताने किंमत उतरवली, आधी घेतलेल्यांना २० जुने गेम फुकट दिले आणि स्वतःचा पगार अर्धा कापून घेतला. नंतरचा अध्यक्ष फुरुकावाच्या राज्यात स्विच २ धडाधड खपला, तर मारिओ कार्ट ८० डॉलर, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत जुन्या स्विचचीच किंमत वाढवली! आठ वर्षं जुनं मशीन महाग होतं हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं. वर वाट बघायला लावतात ती वेगळीच: मेट्रॉइड प्राइम ४ ह्या गेमची घोषणा २०१७ ची, हातात आला डिसेंबर २०२५ ला.

कोण बाहेरून येत असेल तर कन्सोल आणि मारिओ कार्टचा एकत्र बंडल मिळतो का ते बघायला सांगा, २०२५ ला अमेरिकेत ५०० डॉलरला पडत होता, दोन्ही सुटे घेण्यापेक्षा ३० वाचत होते. आणि गेम साठवायला जुनं मायक्रोएसडी कार्ड चालत नाही, नवं मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, माझं कार्ड आता गाडीच्या डॅशकॅममध्ये आहे.